पंचगंगेतलं केंदाळ: बर्गे घालतानाच काढा, मार्चची वाट बघू नका

मळीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

मार्च उजाडला की कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या केंदाळाचे, म्हणजे जलपर्णीचे, फोटो फिरायला लागतात. रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, कुठलाही बंधारा घ्या. मग निवेदनं, मग पोकलेन, मग काठावर ढीग. जूनमध्ये पहिला लोंढा आला की सगळं खाली वाहून जातं आणि विषय मिटतो. पुढच्या मार्चला पुन्हा पहिल्यापासून.

आमचं रान मळीचं, म्हणजे गाळाचं, नदीला लागून. पाणी उपसा सिंचन संस्थेचं. केंदाळाची मुळं फुटव्हॉल्वच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या बुडाशी असलेल्या झडपेच्या) जाळीला अशी गुंडाळतात की मोटार फिरत राहते आणि पाटात मात्र करंगळीएवढी धार. पाळी आपली, वीज रात्रीची, आणि माणसाला गळ्याएवढ्या पाण्यात उतरून बोटांनी मुळं उपसावी लागतात. ती काळी, केसाळ मुळं हाताला गिळगिळीत लागतात, त्यात चिखल आणि किडे भरलेले असतात, आणि त्याचा वास अंघोळ करूनही जात नाही. एवढं सांगितलं ते यासाठी, की हा नदीच्या सौंदर्याचा प्रश्न नाही. उसाच्या पाण्याचा आहे, प्यायच्या पाण्याचा आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आपण केंदाळ काढतो तो महिनाच चुकीचा आहे.

जून ते सप्टेंबर नदी वाहती असते, बर्गे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत पाणी अडवायला घालतात त्या फळ्या) काढलेले असतात. वर्षभराचं केंदाळ पूर धुऊन नेतो, त्याला आपला एक रुपया लागत नाही. ऑक्टोबरात पात्र बहुतेक मोकळं दिसतं. मग पाऊस सरला की बर्गे घालतात, पाणी तुंबतं, आणि शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी एकामागोमाग एक तळी तयार होतात. साठलेलं पाणी, वरून ऊन, नाल्यातून येणारा मैला. केंदाळाला आणखी काय पाहिजे?

पण ते येतं कुठून? पुरातही सगळं जात नाही. नाल्याच्या तोंडाशी, काठाच्या खोबणीत, वीटभट्टीसाठी माती काढलेल्या खड्ड्यांत, पडक्या विहिरींत थोडं थोडं शिल्लक राहतं. तेच बियाणं.

आता हिशेब करू. ऊब आणि खाद्य मिळालं की केंदाळ एक-दोन आठवड्यांत दुप्पट होतं. हिवाळा धरून आपण पंधरा दिवस म्हणू. नोव्हेंबरच्या मध्यावर एक गुंठा असेल, तर मार्चच्या मध्यापर्यंत आठ वेळा दुप्पट, म्हणजे २५६ गुंठे. सहा एकरांच्या वर. दाट केंदाळ चौरस मीटरला पंचवीस किलो धरलं तर एक गुंठ्याचं वजन अडीच टन होतं, ट्रॅक्टरची एक ट्रॉली. मार्चमध्ये त्याच्याच अडीचशे ट्रॉल्या! जागा आणि खाद्य कमी पडलं तर आकडा खाली येईल, मान्य. निम्मा धरा, चौथाई धरा. तरी नोव्हेंबरचं काम चार माणसं आणि एक ट्रॉली एवढंच राहतं.

आपापल्या गावाचा अनुभव लिहा. विशेषतः बर्गे घालायच्या वेळी कुठल्या जागी केंदाळ शिल्लक दिसतं, ते.

---

संध्यामठ_कट्टा

धागा चांगला काढलात दादा. हिशेब पटला. पण शहरातला माणूस म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो: खाद्य बंद केल्याशिवाय हे थांबणार नाही. जयंती नाला आणि दुधाळी नाला वर्षानुवर्षं नदीला काय देत आलेत ते सगळ्या कोल्हापूरला ठाऊक आहे. कसबा बावड्यात ७६ एमएलडीचं (रोज तितके दशलक्ष लिटर) आणि दुधाळीला १७ एमएलडीचं शुद्धीकरण केंद्र आहे. तरीही नाला ओसंडून नदीकडे जाताना दिसतोच. नदीकाठच्या गावांचं सांडपाणी तर बहुतेक ठिकाणी थेटच.

शहरातल्या रंकाळा तलावावरून आपण शिकायला पाहिजे होतं. तिथं केंदाळही बघितलं आणि केंदाळ नसताना पाणी हिरवंगार झालेलंही बघितलं. मैल्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात तसाच राहिला, तर एक वनस्पती काढली की दुसरी येते. केंदाळ नाही तर शेवाळ. ते तर दाताळ्यानं ओढताही येत नाही.

---

मळीकाठ

@संध्यामठ_कट्टा, शंभर टक्के बरोबर. नाले अडवायची मागणी सोडायची नाहीच. पण ते काम महापालिका, नगरपालिका, प्रदूषण मंडळ यांच्या हातातलं आहे आणि त्याला वर्षं लागतात. नोव्हेंबरची एक ट्रॉली गावाच्या हातातली आहे. एकासाठी दुसरं थांबवायचं कारण नाही.

---

वाडीचा_नावाडी

आमचं पण ऐका जरा. वर तुम्ही काय करताय ते खाली आम्हाला भोगावं लागतंय.

मागं एका बंधाऱ्यावर ऐन उन्हाळ्यात बर्गे काढून केंदाळ पुढं सोडलं. वरचा बंधारा दिसायला स्वच्छ झाला. ते केंदाळ आणि त्याच्याखाली तुंबलेलं काळं पाणी दोन्ही आमच्याकडं आलं. पहाटे मासे तोंड वर करून श्वास घेत होते आणि दुपारपर्यंत काठाला पांढरा पट्टा. नाव कुणाचं घेत नाही, पण हे एकाच गावाचं काम नाही, संधी मिळेल तो करतोय.

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. लांबून लांबून माणसं संगमावर स्नानाला येतात. घाटाच्या पायऱ्यांना केंदाळ लागलं की ते बाजूला सारून पाणी डोक्यावर घेतात. बघवत नाही. नाव वल्हवायची तर वल्हं अडकतं. इंजिनची नाव असली तर पंख्यात मुळं.

तेव्हा पहिला नियम हा ठेवा. काढलं तर काठावर काढा. पुढं ढकलणं म्हणजे काढणं नव्हे.

---

वनस्पतीवाली

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, अॅमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांच्या मोहानं लोकांनी ती जगभर नेली. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात आली आणि तिथल्या भातशेतीची, होड्यांच्या वाटांची इतकी कोंडी केली की १९३६ मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. इथं तिला खाणारे तिच्या मायदेशातले किडे नाहीत, हे तिच्या जोमाचं मोठं कारण.

एक रोप उपटून बघा. देठ मध्येच फुगलेला असतो. चिरला तर आत स्पंजसारखा हवेचा भाग दिसतो, म्हणून ती तरंगते. बुडाशी आडवा धागा निघतो आणि त्याच्या टोकाला नवं रोप. वाढ मुख्यतः अशीच होते. त्यामुळे काढताना रोपं तोडू नका. तुटलेला बुडखा पाण्यात राहिला की पुन्हा फुटतो. पूर्ण रोप मुळासकट वर आलं पाहिजे.

दुसरा मार्ग बियांचा, आणि त्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. फूल कोमेजलं की दांडा वाकून पाण्यात जातो आणि बी तळाच्या गाळात पडतं. ते पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं. पाणी आटून गाळ उघडा पडला, मग थोडं पाणी आलं की उगवतं. म्हणजे एखाद्या वर्षी तळं पूर्ण साफ केलं तरी पुढची बरीच वर्षं लक्ष ठेवावं लागणार. धागाकर्त्यांच्या नोव्हेंबरच्या मुद्द्याला माझी पुस्ती एवढीच: फुलायच्या आत काढा.

डासांचंही सांगते. मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागावर येत नाहीत. त्या केंदाळासारख्या पाणवनस्पतींच्या मुळांत आपली नळी खुपसून तिथूनच हवा घेतात. म्हणून नुसतं वरून औषध टाकून त्या मरत नाहीत, वनस्पतीच काढावी लागते.

---

शेतीसेवा_हातकणंगले

एवढी मेहनत कशाला? २,४-डी तणनाशक मारा. उसातल्या रुंद पानाच्या तणाला आपण मारतोच की. एका आठवड्यात केंदाळ पिवळं पडतं. मजूर मिळत नाहीत, पोकलेनचं भाडं परवडत नाही. ड्रोननं एका दिवसात नदी उरकेल.

---

शिरोळचा_भाजीवाला

@शेतीसेवा_हातकणंगले साहेब, कृपा करून हे करू नका.

ऊस गवताच्या कुळातला, त्याला २,४-डी सोसतं. टोमॅटोला, वांग्याला, मिरचीला, सोयाबीनला सोसत नाही. शेजारच्या उसात फवारलं आणि वारा आमच्या बाजूचा असला, तर टोमॅटोचा शेंडा वळतो, पानं दोऱ्यासारखी बारीक होतात आणि फूल गळतं. हे नदीकाठच्या भाजीवाल्यांनी डोळ्यांनी बघितलंय. ड्रोननं नदीवर फवारलं तर दोन्ही काठ धोक्यात.

आणि त्या नदीचंच पाणी गावं पितात. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली तेव्हा काय हाल झाले ते सगळ्यांना आठवत असेल. आधीच घाण असलेल्या पाण्यात आणखी औषध कशाला?

---

वनस्पतीवाली

भाजीवाल्या दादांशी सहमत. आणखी एक. फवारणीनं केंदाळ मरतं, पण जागचं हलत नाही. तिथंच बुडून कुजतं. कुजताना पाण्यातला उरलासुरला प्राणवायू ओढून घेतं, मासे मरतात. आणि त्याच्या अंगात साठलेलं सगळं खाद्य पुन्हा पाण्यात उतरतं, म्हणजे पुढच्या पिकाची बेसल डोसची, सुरुवातीच्या खताची, सोय. साठलेल्या पाण्यात, प्यायच्या पाण्याच्या उपशाजवळ तर हा विचारच नको.

---

पोर्ले_पन्हाळा

ताई, ते केंदाळ खाणारे भुंगे मिळतात म्हणे? ते सोडले तर?

---

वनस्पतीवाली

मिळतात. निओकेटिना नावाचे सोंडकिडे १९८० च्या दशकात बंगळूरला आणून, ते दुसऱ्या पिकावर जात नाहीत ना याच्या चाचण्या घेऊन सोडले गेले. प्रौढ किडा जेमतेम पाच मिलिमीटरचा. तो पानावर बारीक चौकोनी खरवडल्यासारखे डाग पाडतो, अळी देठात बोगदा करते, देठात पाणी शिरतं आणि रोप बसतं. केरळात सॅल्व्हिनिया या दुसऱ्या तरंगत्या तणावर असाच एक सोंडकिडा फार उपयोगी पडला. जबलपूरला तण संशोधनाचं केंद्र सरकारचं संचालनालय आहे, तिथं या विषयाचं मार्गदर्शन मिळतं.

पण पंचगंगेसाठी मला त्यात अडचण दिसते. किड्यांची संख्या वाढायला दोन-तीन वर्षं तरी लागतात, आणि आपली नदी दरवर्षी केंदाळाबरोबर किडेही वाहून नेणार. शिवाय मैल्यावर पोसलेलं केंदाळ किडा खातो त्याहून जोरात वाढतं. ज्या तळ्यातून, खणीतून पुराचं पाणी फिरत नाही तिथं हा उपाय करून बघण्यासारखा आहे. पण मग तिथं पोकलेन लावून सगळं उपसायचं नाही. किड्यांना राहायला थोडं केंदाळ ठेवावं लागतं. तज्ज्ञांना विचारल्याशिवाय कुठूनतरी आणून सोडू नका, एवढी विनंती.

---

गुऱ्हाळघर_कागल

आमच्या दूधगंगेच्या बाजूला एवढा त्रास नाही, पण गावतळ्यात होतं. आम्ही कसं काढलं ते सांगतो.

होडी नव्हती. गुऱ्हाळाची जुनी काहिल (उसाचा रस आटवायची मोठी कढई) होती. महापुरात काहिलीतून माणसं काढतात, तर केंदाळ का निघणार नाही? काहिलीत दोन गडी. एकाच्या हातात लांब दांड्याचं दाताळं, दुसरा तोल सांभाळायला आणि बांबूनं ढकलायला. काहिलीच्या कड्यांना दोन्ही बाजूंनी दोर बांधून दोर काठावरच्या माणसांच्या हातात. काहिलीत केंदाळ भरायचं नाही, बुडते. जुनं मासे पकडायचं जाळं केंदाळाच्या पट्ट्याभोवती फिरवायचं आणि काठावरच्यांनी "हैश्शा" करून ओढायचं. एका ओढीत बैलगाडीभर माल काठाला येतो. मधे तुटून सुटलेली रोपं काहिलीतल्यानं दाताळ्यानं गोळा करायची.

तीन गोष्टी पाळा. पोहता येणाराच काहिलीत बसेल, आणि तोही लाइफ जॅकेट घालून. गमबूट आणि हातमोजे हवेतच, मुळांत साप निघतात. आणि सांडपाणी येत असेल तिथं जखमेचा माणूस पाण्यात उतरवायचा नाही.

---

खणीतला_मासा

तळी आणि दगडाच्या खणी असलेल्यांसाठी: गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला की केंदाळ जातं असं बरेच जण सांगतात. जात नाही. गवत्या पाण्याच्या आतलं मऊ गवत आवडीनं खातो, हायड्रिला वगैरे. केंदाळाला तो फारसं तोंड लावत नाही. तळ्यात आतलं गवत माजलं असेल तर जरूर सोडा, बोटुकली (माशाची पिल्लं) मोठी घ्या, नाहीतर दुसरे मासे खाऊन टाकतात. आणि बंदिस्त तळ्यातच. परदेशी मासा नदीत सोडायचा नाही.

---

पाचट_नका_जाळू

काढलेल्या केंदाळाचं खत चालतं का? आमच्याकडं ढीग तसाच काठावर पडून राहतो.

---

मळीकाठ

@पाचट_नका_जाळू, तुमचं नाव बघूनच उत्तर सुचलं.

केंदाळात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. नुसत्याचा ढीग लावला तर चिखल होतो आणि वास मारतो. आधी चार-पाच दिवस काठावर पसरून सुकू द्यायचं. वजन बघता बघता उतरतं, वाहतुकीचा खर्चही वाचतो. मग पाचटाचा (उसाच्या वाळल्या पाल्याचा) थर, केंदाळाचा थर, शेणकाला, परत पाचट. पाचट कोरडं आणि कुजायला चिवट, केंदाळ ओलं आणि लवकर कुजणारं. दोघं मिळून चांगलं जमतं. ढीग आतून हाताला चटका बसेल इतका तापला पाहिजे आणि दोन-तीनदा वरखाली केला पाहिजे, म्हणजे बी मरतं.

दोन अटी मात्र आहेत. ढीग पूररेषेच्या वर लावा. काठावर सोडलेला ढीग जूनमध्ये परत नदीतच जातो, त्यात जिवंत बुडखे असतात. आणि कुठल्या पाण्यातलं केंदाळ आहे ते बघा. ही वनस्पती शिसं, कॅडमियम, क्रोमियम असले जड धातू मुळांतून ओढून घेते. रंगाचं, कारखान्याचं पाणी मिसळतं त्याच्या खालचं केंदाळ भाजीच्या रानात घालू नका, जनावरांना तर नकोच. त्याचं खत रस्त्याकडेच्या झाडांना, सामाजिक वनीकरणाच्या रोपांना वापरा, आणि त्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. गावतळ्यातलं, जिथं फक्त घरगुती सांडपाणी येतं, ते उसाला घालायला मला हरकत वाटत नाही.

---

सदस्य_वॉर्ड३

ग्रामपंचायत सदस्य आहे. दोन गोष्टी विचारतो.

निधीचं म्हणाल तर वित्त आयोगाच्या निधीतला एक भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बंधित, म्हणजे राखून ठेवलेला, असतो. आराखड्यात आधी नाव असेल तर काम होतं, मार्चमध्ये धावत येऊन मागितलं तर होत नाही. त्यामुळं नोव्हेंबरला काम करायचं तर ते आदल्या आराखड्यातच घालायला लागेल. ग्रामसभेत हा विषय मांडताना मळीकाठ दादांचा गुंठ्याचा हिशेब मी वापरणार आहे, चालेल ना?

दुसरं, वरून वाहत येणारं कसं अडवायचं? आम्ही आमचा पट्टा साफ केला आणि वरच्या गावानं केला नाही तर?

---

वाडीचा_नावाडी

सदस्य साहेब, तुमच्याकडं अडलं तर ते खाली आमच्याकडं येणार नाही. पहिल्यांदाच वरच्या गावानं खालच्याची काळजी केलेली वाचतोय. धन्यवाद.

---

मळीकाठ

हिशेब जरूर वापरा सदस्य साहेब, त्यासाठीच मांडलाय.

वरून येणाऱ्यासाठी तरंगता अडसर बांधायचा. आम्ही नाल्याच्या तोंडाला लावतो तो असा: वीस लिटरचे तेलाचे रिकामे कॅन बूच घट्ट लावून, जाड नायलॉन दोरावर हात-दीड हाताच्या अंतरानं बांधायचे. दोराखाली शेळ्यांच्या कुंपणाची जाळी साधारण फूटभर पाण्यात लोंबती ठेवायची, तिच्या तळाला वजनासाठी साखळीचा तुकडा किंवा दगड. नुसता दोर लावला तर केंदाळ खालून सरकतं, म्हणून जाळी हवीच.

आडवा सरळ बांधू नका. तिरका बांधा, वरच्या अंगाचं टोक एका काठाला आणि खालच्या अंगाचं टोक दुसऱ्या काठाला, जिथं ट्रॅक्टर उतरतो त्या बाजूला. प्रवाहच केंदाळ सरकवत त्या कोपऱ्यात आणून देतो, तिथं उभं राहून दाताळ्यानं ओढायचं. आठवड्याला एकदा तो कोपरा रिकामा केला पाहिजे. साठू दिलं तर भारानं दोर तुटतो आणि एकदम सगळं सुटतं.

मुख्य नदीच्या आडवा असा अडसर लावायचा तर पाटबंधारे खात्याला विचारून, आणि नावेला वाट ठेवून. नाल्याला, ओढ्याला ग्रामपंचायत लावू शकते. मृगाच्या आधी सोडून घरी आणायचा, विसरायचा नाही. पुरात पुलाला अडकला तर तोच कचऱ्याला धरून ठेवतो.

@गुऱ्हाळघर_कागल, तुमच्या काहिलीचा आणि जाळ्याचा एखादा फोटो टाकता का? आमच्या भागात जुन्या काहिली अजून चार-दोन गुऱ्हाळांवर पडून आहेत, मालकांना विचारतो.

आणि रुई ते शिरोळ पट्ट्यातले जे कुणी वाचताय, त्यांनी यंदा आपल्या बंधाऱ्यावर बर्गे कधी घालणार ते पाणी संस्थेच्या सेक्रेटरींना विचारून इथं लिहा. तारखा जुळल्या तर एकाच आठवड्यात सगळीकडे उतरता येईल. आमच्या गावाकडून एक ट्रॅक्टर-ट्रॉली आणि आठ माणसं पक्की आहेत.

---

पोर्ले_पन्हाळा

आम्ही कासारीवर, तुमच्या सगळ्यांच्या वर. इथं ओढ्याच्या तोंडाला थोडं दिसतंय, खोलीभर जागेत असेल. रविवारी पोरं घेऊन काढून टाकतो, खाली यायलाच नको.